कुहीत चष्मे का खपत नाहीत

सीताबर्डी, नागपूर
१४ नोव्हेंबर २०२४

यमुताई,

पाकिटावरचं अक्षर तुम्ही ओळखलं असणार. ओळखूनही फोडलंत, एवढ्यावरच मी आज खूश आहे. फोन तुम्ही उचलत नाही, मेसेजवर निळ्या खुणा उमटतात आणि पुढे काही होत नाही, म्हणून शेवटी पोस्टात जाऊन तिकिटं आणली. तिथला माणूस म्हणाला, "कुरिअर नाही का करत मॅडम?" म्हटलं, रामटेकची बाई आहे, कुरिअरवाल्याला दारातून परत पाठवेल. पोस्टमनला मात्र बसवून चहा पाजते.

तीन वर्षांपूर्वी त्या मीटिंगमधून तुम्ही उठून गेलात, तेव्हा मी मागून ओरडले होते, "ताई, मोजून दाखवीन!" रागाच्या भरात बोलले होते. आता खरंच मोजायची वेळ आली आहे.

झालं असं की, मुंबईच्या ज्या गुंतवणूक निधीने आपल्या 'सुईदोरा' संस्थेत पैसे घातले, त्यांना दोन वर्षांचा हिशेब हवा आहे. पैशांचा नव्हे, तो त्यांच्याकडे आहेच. त्यांच्या गुंतवणुकीमुळे संस्थेचं काय झालं आणि लोकांचं काय झालं, हे त्यांना मोजून हवं आहे. तुम्ही या प्रकाराला 'व्याजाने पुण्य' म्हणाला होतात, ते अजून लक्षात आहे. पण त्यांचं म्हणणं सरळ आहे. देणगी एकदा दिली की संपते. हा पैसा हळूहळू परत यायला हवा, म्हणजे तो दुसऱ्या संस्थेला देता येतो, आणि मधल्या काळात कोणाचं तरी भलं झालेलं दिसायला हवं. त्यासाठी जवळचं बघायचे चष्मे फुकट वाटण्याऐवजी दीडशे रुपयांना विकायचे, ही कल्पना माझी. त्या कल्पनेवरूनच तुम्ही वीस वर्षं वाढवलेली संस्था सोडून गेलात. सहा महिन्यांनी मीही सोडली. आता बर्डीत कापडाच्या दुकानावरच्या एका खोलीत बसते आणि लोकांच्या संस्था मोजते.

हे काम मलाच मिळालं. निधीचा इथला माणूस विक्रम, वयाने माझ्या भाच्याएवढा, तो म्हणाला, "मॅडम, आपको गांव मालूम है." मी स्वस्तात पडते, हेही कारण असावं.

आता मुद्द्याचं. दोन वर्षांत रामटेकच्या केंद्रातून सहाशे चाळीस चष्मे विकले गेले. कुहीच्या केंद्रातून, तीन गावं मिळून, एकोणीस. हो, एकोणीस. फेब्रुवारीच्या शेवटी माझा अहवाल जाईल आणि त्यावर कुहीचं केंद्र ठेवायचं की बंद करायचं हे ठरेल. बंद झालं तर पिंकीची नोकरी जाईल. तुम्हीच तिला ताटात तांदूळ आणि पाच खडे घालून डोळे तपासायला शिकवलं होतं. तिच्यानंतर त्या भागात बायांचे डोळे बघायला दुसरं कोणी नाही.

ताई, मला खरंच उत्सुकता आहे. दोन्हीकडे धानच पिकतं. चाळिशी उलटली की सगळ्यांचेच हात लांब जातात आणि सुई हातात राहते. मग तिकडे सहाशे आणि इकडे एकोणीस का? तुम्हाला काही सुचत असेल तर दोन ओळी पाठवा. शिव्या घातल्यात तरी चालेल, फक्त त्यांत थोडी माहिती असू द्या.

तुमची,
प्रेमिला

सीताबर्डी
५ डिसेंबर २०२४

यमुताई,

दोन ओळी आल्या नाहीत. ठीक आहे, मी लिहीत राहते. तुम्हाला माहीत आहे, मला गप्प बसता येत नाही.

चार दिवस रामटेकला होते. तुमच्या दारावरून दोनदा गेले. अंगणात लाल मिरच्या वाळत होत्या, म्हणजे हात-पाय चालताहेत. कडी वाजवायची हिंमत झाली नाही.

विकत घेतलेल्यांपैकी ऐंशी घरं पाहिली. एकसष्ट घरांत चष्मा वापरात आहे. एवढा चांगला आकडा माझ्या कामात सहसा मिळत नाही. विक्रमला फोनवर सांगितलं तर तो नाचायचाच राहिला होता. मीही जरा फुगले. तुम्ही समोर असतात तर रजिस्टर तुमच्या पुढ्यात आपटलं असतं.

मग गडाच्या पायथ्याशी एका शिंप्याकडे गेले. चांगला बोलका माणूस. म्हटलं, "हा चष्मा मिळाला नसता तर काय केलं असतं?" तो म्हणाला, "काय करतो? बर्डीवरून आणला असता. तसंही महिन्यातून दोनदा सूत आणाले जातोच." झालं. फुगा फुटला. त्याचा चष्मा आमच्या पैशामुळे आला म्हणायचा की तसाही आलाच असता? मोजणाऱ्याचं अर्धं आयुष्य या एका प्रश्नात जातं, ताई. झालं ते तर दिसतं. आपण नसतो तर काय झालं असतं, ते कुठे जाऊन बघायचं?

मग मी यादी उलटीकडून वाचली. कोणी घेतले हे पाहायचं सोडून कोणी घेतले नाहीत ते शोधलं. प्रसादाची दुकानं, शिंपी, शिक्षक, पतसंस्थेतले लोक, सगळे आहेत. धानाच्या बांधीत मजुरी करणाऱ्या बाया किती? तीन. सहाशे चाळिसांत तीन. चिखलात रोवणी करणारी आणि घरी येऊन कंदिलाएवढ्या बल्बखाली तांदूळ निवडणारी बाई, जिच्यासाठी तुम्ही हे सगळं सुरू केलंत, ती या यादीत नाहीच. एकीला विचारलं तर म्हणाली, "मले काहून पायजे चष्मा? मी काय मास्तरीण हाव का?" दुसरी म्हणाली, दीडशे रुपयांत पोराचा स्वेटर येतो.

हे मी तुम्हाला का सांगते आहे कोण जाणे. तुम्ही मीटिंगमध्ये नेमकं हेच बोलला होतात. मी तेव्हा म्हटलं होतं की तुम्ही भावनेच्या भरात बोलताय.

पुढच्या आठवड्यात कुहीला जाते.

प्रेमिला

सीताबर्डी
२२ डिसेंबर २०२४

यमुताई,

आज नमस्कार-बिमस्कार काही नाही. मी चिडले आहे.

कुहीच्या पलीकडच्या त्या गावात, जिथे पूर्वी घराघरात हातमाग होते, तीन दिवस काढले. पिंकी सोबत होती. चोपन्न घरं झाली. माझ्या फॉर्मवर चौथा प्रश्न आहे: 'तुमच्याकडे चष्मा आहे का?' चोपन्न घरांनी सांगितलं, नाही. एकजात नाही, रजिस्टरात ज्यांची नावं होती त्या घरांनीसुद्धा. कोणी लाजलं नाही, कोणी सबब सांगितली नाही. "नाही वं बाई, चष्मा कायचा?" म्हणायचं आणि पाण्याचा गिलास पुढे करायचा.

पण ताई, मी आंधळी नाही. जनाबाईंच्या ओसरीवर नवी वाकळ पडली होती. तुम्हाला जनाबाई माहीतच आहेत, सत्तरीला टेकलेल्या, एकेकाळी करवतकाठी साड्या विणायच्या. वाकळीचे टाके असे बारीक की माझ्या आईलाही तरुणपणी जमले नसते. म्हटलं, "जनाबाई, चष्मा नाही, मग सुईत दोरा कसा जाते?" त्या हसल्या आणि म्हणाल्या, "जाते." एवढंच. पिंकी तेवढ्यात उठून बाहेर गेली. तीन दिवस ती अशीच होती. प्रश्न चार आला की तिला काहीतरी काम आठवायचं.

आणि मग शेवटच्या दिवशी काजल नावाच्या एका सुनेच्या तोंडून निघून गेलं, "यमुताई आल्या होत्या ना मागं एका उन्हाळ्यात. मोठी झोळी घेऊन." सासूने तिच्याकडे असं पाहिलं की ती चुलीपुढे जाऊन बसली.

म्हणजे तुम्हीच. तुम्ही गुपचूप फुकट चष्मे वाटताय. आम्ही विकायला जायचं आणि तुम्ही मागच्या दाराने झोळी रिकामी करायची. म्हणून कोणी विकत घेत नाही, म्हणून कोणी कबूल होत नाही. माझ्यावर राग होता तर माझ्या तोंडावर काढायचा होतात. यात केंद्र बुडतं आहे आणि पिंकी रस्त्यावर येते आहे, याचा विचार केलात का?

अकरा वर्षं तुमच्या हाताखाली काम केलं. तुम्ही हट्टी आहात, ताठर आहात, हे माहीत होतं. लपवाछपवी कराल असं कधी वाटलं नव्हतं. याचं मला फार वाईट वाटलं आहे, आणि ते मी लिहून टाकते आहे.

प्रेमिला

सीताबर्डी
१९ जानेवारी २०२५

ताई,

माझं चुकलं. आधी हे एकदा सरळ लिहून टाकते, मग बाकीचं.

चोपन्नपैकी चोपन्न 'नाही', हा आकडा मला स्वस्थ बसू देईना. माणसं इतकी एकसारखी नसतात. खोटं बोलायचं म्हटलं तरी दोन-चार जण खरं बोलून जातातच. म्हणून गेल्या आठवड्यात पिंकीला न सांगता बसने पुन्हा गेले.

गावात दुसऱ्या दिवशी लग्न होतं. त्या दुपारी समाजमंदिरात पंधरा-वीस बाया मांडी घालून ओळीने बसलेल्या, प्रत्येकीपुढे ताट, ताटात नवा तांदूळ, आणि नाकावर चष्मा. सगळ्यांच्या नाही. सात जणींच्या. दहा मिनिटं झाली की एक जण चष्मा काढायची, पदराने पुसायची आणि शेजारणीला द्यायची. चष्म्याच्या काडीला रंगीत सूत गुंडाळलेलं. कोणाला लाल, कोणाला पिवळं, कोणाला हिरवं. मी दारात उभी राहून बघतच राहिले. कोणी दचकलं नाही, कोणी लपवलं नाही. उलट जनाबाई म्हणाल्या, "या वं बाई, बसा. रिकाम्या हातानं काहून उभ्या?" आणि माझ्या पुढ्यात एक ताट सरकवलं.

"जनाबाई, तुम्ही तर म्हणाल्या चष्मा नाही."

"नाहीच आहे."

"मग नाकावर हे काय आहे?"

"हा गावाचा होय. तुमी इचारलं, तुमच्यापाशी हाये का. माह्यापाशी कुठं हाये? हे गंज, ह्या पराती, हे काय माह्या हायेत? चाबी तेवढी माह्यापाशी असते."

ताई, मी तिथेच कपाळावर हात मारला. तुम्हाला हे समजावून सांगायची गरज नाही, पण मुंबईला समजावून सांगताना मला दोन पानं लागली. गावाची पंगतीची भांडी वर्गणीतून घेतलेली असतात, समाजमंदिरात ठेवतात. लग्न असो, तेरवी असो, ज्याला लागेल तो नेतो, घासून, मोजून परत ठेवतो. हरवलं तर भरून देतो. ते भांडं माझं आहे असं कोणी चुकूनही म्हणत नाही. या बायांनी केंद्र सुरू झाल्यावर वर्गणी काढून सात चष्मे घेतले आणि भांड्यांच्या कपाटात ठेवून दिले. कमी नंबरला लाल सूत, त्याच्या वरच्याला पिवळं, सगळ्यांत जास्त नंबरला हिरवं. सूत जुन्या मागांवरचं. कोणी दिवसाला नेतं, कोणी घरी शिवणकाम असलं की चार दिवस नेतं. चोपन्न घरांनी मला अगदी खरं उत्तर दिलं होतं. प्रश्न मी मूर्खासारखा विचारला होता.

मलाही बसवलंच त्यांनी. पिवळ्या सुताचा चष्मा मला बसला. तीन खडे काढले. आता हसा.

पिंकीला गाठलं तर ती रडायलाच लागली. "ताई, रजिस्टरात एका चष्म्यामागं एक नाव पायजे. साती चष्मे एकट्या जनाबाईच्या नावावर दाखवले असते तं वरतून इचारलं असतं. मंग मी त्यायच्या घरच्यायची नावं टाकली. त्यातला एक तं मेलेला सासरा होय." तिला वाटलं, मी हे पकडायलाच आले आहे. आम्ही मोजायला येणार म्हणून तिने खोटं लिहिलं, आणि त्या खोट्यावर मी हिशेब मांडत बसले होते.

दुसऱ्या दोन गावांतही हेच आहे, तिथे सहा-सहा. मी आता नीट विचारलं: 'गेल्या महिन्यात तुम्ही चष्मा लावून काय काय केलं?' एकोणीस चष्मे, वापरणाऱ्या बाया एकशे अठ्ठेचाळीस. त्यांत मजुरी करणाऱ्या शंभरावर.

आता जे लपवलं होतं ते. मागचं पत्र टाकलं त्याच दिवशी मी विक्रमला कच्चा अहवाल पाठवला होता. त्यात एक वाक्य होतं: 'संस्थेच्या एका माजी पदाधिकाऱ्याने परिसरात मोफत चष्मे वाटल्यामुळे विक्रीवर परिणाम झाला असावा.' 'असावा' लिहून मी हात झटकले होते. काल रात्री ते वाक्य मागे घेतलं, चूक माझी असं लिहून कळवलं. पण ते वाक्य मुंबईत चार जणांनी वाचलं आहे आणि वाचलेलं मला परत आणता येत नाही. मला माफ करा असं म्हणायचीही लाज वाटते. तरी म्हणते. माफ करा.

प्रेमिला

सीताबर्डी
९ फेब्रुवारी २०२५

ताई,

परवा मीटिंग झाली. विक्रम इथे, मुंबईचे तिघे पडद्यावर. भांड्यांच्या कपाटाची गोष्ट सांगितली तेव्हा सगळे खुर्चीत पुढे सरकले. विक्रम तर म्हणाला, "मॅडम, ये तो कमाल है." मला वाटलं जिंकलो.

मग त्यांतल्या एका बाईने, करिष्मा त्यांचं नाव, शांतपणे विचारलं, "पण यात आमच्या गुंतवणुकीचा वाटा किती? गावात भांडी ठेवायची पद्धत जुनी आहे. चष्मे फुकट मिळत होते तेव्हाही बायांनी ते असेच एकत्र ठेवले असतील, तर आमच्यामुळे वेगळं काय झालं?"

राग यावा असा प्रश्न होता, पण मला आला नाही. रामटेकच्या शिंप्याला मी हेच तर विचारलं होतं. त्या पुढे म्हणाल्या, चष्मे विकायला लागल्यामुळे ही पद्धत सुरू झाली असं दिसलं, तर कुहीचं केंद्र विक्रीच्या आकड्यावर न मोजता आणखी दोन वर्षं चालवू, पिंकीने फक्त नंबर तपासत फिरायचं आणि गावागावाला कपाट उभं करून द्यायचं. नाही दिसलं, तर मार्चअखेर बंद. तीन आठवड्यांत पुरावा द्या.

मी जनाबाईंकडे गेले. "फुकट मिळत होते तेव्हा का नाही ठेवले कपाटात?" त्यांनी अडकित्ता काढून सुपारी कातरली. मग म्हणाल्या, "ते यमुताईले इचारा. मी नाही सांगत. मी त्यायले शब्द देल्ला हाये."

"दुसऱ्या गावायतल्या बायायले तरी सांगाल का, तुम्ही कसं केलं ते?"

"मी सांगून कोणी करते का? त्यायच्या गावात भांड्याची चाबी कोणापाशी हाये, ते पाहा आंधी. तिलेच इचारा."

म्हणजे तुमच्यात आणि त्यांच्यात काहीतरी बोलणं झालं आहे. काय ते मला माहीत नाही. मी पुन्हा तर्क करणार नाही, एकदा केला तो पुरे झाला.

पण दुसरी एक गोष्ट तुम्हाला माझ्याकडूनच कळायला हवी. तुलना करायची म्हणून तुमच्या काळातल्या फुकट वाटपाच्या यादीतली साठ घरंही मी पाहिली. अकरा चष्मे वापरात आहेत. बाकीचे ट्रंकेत, माळ्यावर, काही नातवंडांनी खेळून मोडलेले, काही नंबर जुळत नाही म्हणून कधी लावलेच नाहीत. आपण गाडी घेऊन जायचो, वाटायचो, फोटो काढायचो आणि पुढच्या गावाला जायचो. मी होतेच ना सोबत. परत जाऊन कधीच पाहिलं नाही, तुम्हीही नाही आणि मीही नाही. हे अहवालात जाणार आहे. माझ्या सहाशे चाळिसांतल्या तीन मजूर बायाही जाणार आहेत. दोन्ही एकाच पानावर.

हे वाचून तुम्हाला कसं वाटेल याची कल्पना आहे. वीस वर्षं झिजलात तुम्ही. पण खोटं लिहिलं तर कुहीचं खरंही कोणी मानणार नाही.

अठ्ठावीस तारखेला अहवाल जाईल. त्याआधी तुम्ही काही सांगितलंत तर केंद्र वाचेल कदाचित. नाही सांगितलंत तरी मी पुन्हा विचारणार नाही.

प्रेमिला

रामटेक
१७ फेब्रुवारी २०२५

प्रेमिला,

तुझी पाचही पत्रं मिळाली. पोस्टमनला चहा पाजला.

तू डिसेंबरात लिहिलंस ते अर्धं खरं होतं. २०२३ च्या मे महिन्यात मी झोळी घेऊन कुहीला गेले होते. झोळीत चाळीस चष्मे होते, माझ्या पेन्शनमधून घेतलेले. तुमच्या विक्रीची जिरवायची, याच विचाराने गेले होते. गरिबाच्या डोळ्याचा धंदा मांडला म्हणून माझं डोकं फिरलं होतं. तेव्हा तुझा आरोप खोटा नाही, फक्त माझ्या हातून तो पुरा झाला नाही.

समाजमंदिरात बायांना जमवलं आणि झोळी उघडली. कोणी हात पुढे केला नाही. मला वाटलं, लाजताहेत. मग जनाबाईने कपाट उघडून मला ते सुताचे चष्मे दाखवले आणि म्हणाली, "ताई, रागावू नोका. तुमी देत होत्या तवा ज्याले भेटला त्यानं नेला, अन् कुठं ठेवला ते त्यालेही ठाव नाही. थो कोणाचाच नव्हता. आता पिंकी इकत देते, एकटीले झेपत नाही, म्हणून आमी मिळून घेतला. पैसे लागले म्हणून तं मिळालो. हा गावाचा हाये. आता तुमचे फुकटचे चाळीस याच्यात मिसळले तं कोणी पुसून ठेवणार नाही. ते तुमी घेऊन जा."

चाळीसच्या चाळीस मी परत आणले. बसमध्ये झोळी मांडीवर होती. निघताना जनाबाईला म्हटलं, हे कोणाला सांगू नको. तिने शब्द पाळला, तुझ्यापुढेसुद्धा.

तुला वाटत राहिलं की मी रागाने बोलत नाही. तू तसं समजलीस ते मला सोयीचं होतं. राग त्या उन्हाळ्यातच संपला होता, वं. मला शरम वाटत होती. वीस वर्षं मी ज्या बायांना द्यायला गेले, त्यांनी मला काय हवं ते एकदाही सांगितलं नाही, कारण मी कधी विचारलंच नव्हतं. तू निदान चुकीचा का होईना, प्रश्न घेऊन गेलीस.

अकरा हा आकडा वाचून रात्रभर झोप नाही. साठात अकरा. मला तीस तरी वाटले होते. तो खोडू नको. माझ्यासाठी गोड करून लिहू नको.

आता तुझ्या करिष्माबाईंना जो पुरावा हवा आहे, तो हा. विकत होते म्हणून बाया एकत्र आल्या, आणि फुकटचे समोर असताना त्यांनी घेतले नाहीत. मी स्वतः पाहिलं, स्वतः ऐकलं. समाजमंदिरात त्या दिवशी बावीस बाया होत्या, पिंकीही होती. कोणालाही विचारा. जनाबाईला मी आज निरोप पाठवला आहे की आता बोललीस तरी चालेल.

एकच सांगते. या वेळी 'एका माजी पदाधिकाऱ्याने' असं लिहू नको. तसं लिहिलं तर मुंबईत पुन्हा विचारतील, कोण, कुठली, खरी की खोटी, आणि तोवर मार्च उजाडेल. यमुना पौनीकर, सुईदोरा संस्थेची संस्थापक, वय एकाहत्तर, चाळीस चष्मे घेऊन गेली आणि चाळीस घेऊन परत आली. नाव घालून लिही.

यमुताई